क्लच की गिअरबॉक्स? मोटारीचा बिघाड उघडण्यापूर्वी ओळखावा कसा

मुंबईहून नाशिककडे निघालेली मोटार कसारा घाटाच्या चढाला लागते. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये आहे, चालकाने अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला आहे, इंजिनाचा आवाजही चढलेला आहे. वेग मात्र वाढण्याऐवजी कमी होत चालला आहे. पाठोपाठ काहीतरी करपल्याचा उग्र वास गाडीत शिरतो. मागे मालमोटारींची रांग लागलेली असते आणि चालकाला काय बिघडले आहे, याचा अंदाज येत नाही. कोणी म्हणतो ‘पिकअप गेला’, कोणी म्हणतो ‘गिअर खराब झाले’. गाडी कशीबशी गॅरेजमध्ये पोहोचल्यावर तेथे एकच वाक्य ऐकू येते, ‘गिअरबॉक्स उतरवावा लागेल.’

अनेकदा ते वाक्य खरे असते. मात्र नेहमीच नसते. क्लच आणि गिअरबॉक्स या दोन यंत्रणा एकमेकींना इतक्या लागून असतात, की एकीचे दुखणे दुसरीच्या नावावर सहज खपते. गिअर नीट पडत नसेल, तर त्याचे कारण कधी सैल झालेली क्लच केबल असते, कधी पेल्यातील कमी झालेले तेल, कधी झिजलेली क्लचप्लेट, तर कधी गिअरबॉक्समधील पितळी रिंग. पहिले काम काही मिनिटांचे, शेवटचे काही दिवसांचे. खर्चातही तितकेच अंतर. क्लचप्लेट बदलताना सुट्या भागांइतकाच किंवा त्याहूनही अधिक भार मजुरीचा असतो, कारण प्लेटपर्यंत पोहोचण्यासाठी बहुतेक गाड्यांचा गिअरबॉक्स खाली घ्यावाच लागतो. निदान चुकले, तर ही मजुरी दोनदा भरावी लागते.

हा बिघाड ओळखण्यासाठी फार मोठ्या ज्ञानाची आवश्यकता नाही. ‘काय होते’ यापेक्षा ‘केव्हा होते’ याकडे लक्ष दिले, की निम्मे निदान घरच्या घरी होते. त्रास चढावर होतो की सपाट रस्त्यावर, पेडल दाबल्यावर होतो की सोडल्यावर, सर्व गिअरमध्ये होतो की एकाच गिअरमध्ये, इंजिन बंद असतानाही होतो का, ही माहिती कोणत्याही अनुभवी मेकॅनिकला हवीच असते.

जोडणी कशी चालते?

इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाचे जड चाक बसवलेले असते. गिअरबॉक्समधून पुढे आलेल्या दांड्यावर, म्हणजे इनपुट शाफ्टवर, क्लचप्लेट बसते. तिच्या दोन्ही बाजूंना घर्षणाचे लायनिंग असते. प्रेशर प्लेट आपल्या स्प्रिंगच्या जोरावर ही क्लचप्लेट फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरते आणि इंजिनाची शक्ती गिअरबॉक्समार्फत चाकांपर्यंत जाते. चालकाने पेडल दाबले, की एक फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगवर दाब देते, प्लेट सैल होते आणि इंजिन व गिअरबॉक्स यांचा संबंध तात्पुरता तुटतो. पेडलापासून फोर्कपर्यंत जोर पोहोचवण्याचे काम काही गाड्यांत पोलादी केबल करते, तर काहींत ब्रेकप्रमाणेच तेलाचा दाब.

यावरून क्लचची दोनच कामे असल्याचे ध्यानात येते. पेडल सोडल्यावर घट्ट धरणे आणि पेडल दाबल्यावर पूर्ण सोडणे. पहिले काम बिघडले, तर क्लच ‘घसरतो’. दुसरे बिघडले, तर क्लच ‘सुटत नाही’. या दोहोंची लक्षणे परस्परांच्या नेमकी उलट असतात आणि त्यांचे उपायही वेगळे असतात.

क्लच घसरतो तेव्हा

इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, हे क्लच घसरण्याचे मुख्य लक्षण. ते प्रथम वरच्या गिअरमध्ये आणि चढावर दिसते. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये गाडी खेचण्यासाठी इंजिनाला अधिक जोर लावावा लागतो आणि तो सगळा जोर क्लचप्लेटवरून जातो. त्यामुळे शहरातील सपाट रस्त्यावर निमूट चालणारी गाडी सुटीच्या दिवशी माणसे आणि सामान भरून घाटात गेली, की तक्रार करू लागते. बिघाड त्या दिवशी झालेला नसतो. तो त्या दिवशी उघड होतो.

याची खातरजमा करण्याचा सोपा मार्ग असा. मोकळ्या, सपाट रस्त्यावर मागेपुढे वाहन नसताना गाडी मध्यम वेगात असावी. चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबावा. फेरे आणि वेग एकत्र वाढले, तर क्लच शाबूत आहे. फेऱ्यांचा काटा झेपावला आणि वेगाचा काटा जागीच राहिला, तर प्लेट घसरते आहे.

दुसरी चाचणी उभ्या गाडीवर करता येते. समोर मोकळी जागा असावी, हँडब्रेक पूर्ण ओढलेला असावा आणि पायाने ब्रेकही दाबलेला असावा. इंजिन सुरू असताना तिसरा किंवा चौथा गिअर टाकून क्लच सावकाश सोडावा. क्लच चांगला असेल, तर इंजिन लगेच बंद पडेल. पेडल पूर्ण सुटूनही इंजिन चालूच राहिले, तर प्लेट धरत नाही असे समजावे. ही चाचणी एकदाच करावी, कारण ती करतानाही प्लेट तापते आणि झिजते.

क्लच घसरू लागला म्हणजे प्लेट संपलीच, असे मात्र नाही. केबलच्या गाड्यांत पेडलाला सुरुवातीला थोडा मोकळा खेळ असावा लागतो. लायनिंग झिजत जाते तसा हा खेळ कमी होत जातो आणि पेडल बरेच वर आल्यावर गाडी पकड घेऊ लागते. खेळ अजिबात उरला नाही, तर पाय न लावताही क्लच किंचित दाबलेला राहतो. अशा वेळी केबलचा नट फिरवून खेळ पुन्हा योग्य केल्यास घसरणे थांबू शकते. काही गाड्यांत ही जुळवणी आपोआप होते. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचमध्येही पेडलाची उंची झिजेबरोबर फारशी बदलत नाही. तेथे पेडलावरून अंदाज बांधता येत नाही.

आणखी एक कारण तेलाचे. इंजिनाच्या मागच्या टोकाचे किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या तोंडाचे ऑईल सील गळू लागले, की तेल प्लेटवर येते आणि चांगल्या जाडीची प्लेटही घसरते. अशा गाडीत सील न बदलता केवळ नवी प्लेट बसवली, तर थोड्याच दिवसांत गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याची वेळ येते. इंजिन आणि गिअरबॉक्स जेथे जुळतात, त्याच्या बरोबर खाली तेलाचे थेंब दिसतात का, हे म्हणूनच आधी पाहावे.

क्लच सुटत नाही तेव्हा

पहिला किंवा रिव्हर्स गिअर टाकताना खरखर होणे, गिअर अडणे, सिग्नलला पेडल पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकू पाहणे, ही क्लच न सुटण्याची लक्षणे आहेत. येथेच बहुसंख्य चालक गिअरबॉक्सला दोष देतात.

निर्णय करणारी कसोटी सोपी आहे. इंजिन बंद करून सर्व गिअर एकेक करून टाकून पाहावेत. उभ्या गाडीत एखादा गिअर दात समोरासमोर आल्याने अडतो. त्या वेळी गाडी किंचित पुढेमागे हलवावी. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात आणि सुरू असताना अडतात, असे आढळल्यास दोष बहुधा क्लचच्या सुटण्यात आहे. इंजिन बंद असतानाही दांडा जड चालत असेल, तर दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतची जोडणी किंवा गिअरबॉक्स तपासावा लागतो.

रिव्हर्सची खरखर ऐकून लगेच घाबरण्याचे कारण नाही. अनेक गाड्यांच्या रिव्हर्स गिअरला वेग जुळवून घेणारी रिंग नसते. पेडल दाबताच रिव्हर्स टाकला, तर फिरत असलेला इनपुट शाफ्ट थांबायच्या आत दात एकमेकांवर आपटतात. त्यामुळे न्यूट्रलमध्ये पेडल पूर्ण दाबून सुमारे दहा सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. आवाज आला नाही, तर दोष चालकाच्या घाईचा. तरीही खरखर झाली, तर शाफ्ट थांबतच नाही, म्हणजेच क्लच पूर्ण सुटत नाही.

कारणे शोधताना बाहेरून आत जावे. पेडलाखाली पायपुसणे सरकून आलेले असते आणि पेडल पूर्ण दाबलेच जात नाही, असेही घडते. त्यानंतर केबल पाहावी. तिचे तंतू तुटू लागले, की पेडल जड होते आणि तिचा ताण बदलतो. तेलाच्या क्लचमध्ये पेडल मऊ लागते किंवा खाली गेले की वर येत नाही. दोन-तीनदा भराभर दाबल्यावर गिअर नीट पडू लागला, तर तेलात हवा शिरली आहे किंवा मास्टर अथवा स्लेव्ह सिलिंडर गळतो आहे, असे मानण्यास जागा आहे. अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेक यांना एकाच पेल्यातून तेल मिळते. त्या पेल्यातील पातळी घसरत असेल, तर प्रश्न केवळ गिअरचा राहत नाही, तो ब्रेकचाही होऊ शकतो. तेल ओतून दिवस ढकलणे धोक्याचे. गळती शोधावीच लागते.

बाहेरचे सर्व ठीक असूनही क्लच सुटत नसेल, तर मात्र वाकलेली प्लेट, थकलेली प्रेशर प्लेट किंवा झिजलेला फोर्क यांचा संशय घ्यावा. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवणे अटळ असते.

महाराष्ट्राच्या पावसाळी हवेत आणखी एक प्रकार आढळतो. दीर्घकाळ बंद राहिलेल्या गाडीची क्लचप्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. २०२० च्या टाळेबंदीत महिनोन् महिने जागीच उभ्या राहिलेल्या गाड्यांना हा धोका होता. पेडल नेहमीसारखे दाबले जाते, पण गिअर पडतच नाही. अशा गाडीवर जोर करण्याऐवजी मेकॅनिकला बोलावणे इष्ट. पावसाळ्यात गाडी वापरायची नसली, तरी अधूनमधून ती थोडी चालवणे, हा यावरचा साधा प्रतिबंध आहे.

निघताना थरथर

पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना गाडी झटके देत किंवा थरथरत निघते, याला एकच कारण नसते. प्लेटवर तेल आलेले असणे, फ्लायव्हील तापून त्यावर निळसर डाग पडणे, प्रेशर प्लेटचा दाब सर्व बाजूंनी सारखा नसणे, ही आतली कारणे. इंजिनाचे किंवा गिअरबॉक्सचे रबरी माउंटिंग फाटणे, हे बाहेरचे कारण. माउंटिंग गेले असेल, तर गाडी निघताना व थांबताना इंजिन डोलते आणि गिअरचा दांडाही हलतो. माउंटिंग बदलण्यासाठी साधारणपणे गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. म्हणून थरथरीच्या तक्रारीत ते आधी तपासून घ्यावे.

आवाज केव्हा येतो, केव्हा थांबतो?

आवाजावरून निदान करण्यासाठी गाडी शांत जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि इंजिन सुरू ठेवावे. आता पेडल सावकाश दाबावे आणि सोडावे.

पेडल दाबल्यावर घरघर किंवा किणकिण सुरू होत असेल आणि सोडल्यावर थांबत असेल, तर संशय रिलीज बेअरिंगवर घ्यावा. उलट, पेडल मोकळे असताना आवाज येतो आणि दाबताच थांबतो, असे असल्यास आवाज गिअरबॉक्सच्या आत आहे. पेडल दाबल्यावर इनपुट शाफ्ट थांबतो आणि त्याबरोबर त्याच्या बेअरिंगचा आवाजही थांबतो. न्यूट्रलमधील अगदी हलकी खुळखुळ काही गाड्यांत नैसर्गिक असते; ती पूर्वीपेक्षा वाढली आहे का, हे महत्त्वाचे.

अनेक डिझेल मोटारींत दोन भागांचे, मध्ये स्प्रिंग असलेले फ्लायव्हील असते. ते थकले, की इंजिन बंद करताना खडखड होते. हा भाग महाग असतो. क्लचचे काम काढताना त्याची स्थिती पाहून घेणे शहाणपणाचे, अन्यथा नवा क्लच बसवूनही आवाज तसाच राहतो.

चालत्या गाडीतील घूंऽऽ असा आवाज गिअरबॉक्सचाच असतो, असे नाही. तो एका ठरावीक वेगाला येत असेल, तर सुरक्षित, सपाट आणि मोकळ्या रस्त्यावर त्या वेगाला क्षणभर गिअर न्यूट्रल करून पाहावा. आवाज जसाच्या तसा राहिला, तर तो चाकाच्या बेअरिंगचा किंवा टायरचा असण्याची शक्यता अधिक. हा प्रयोग उतारावर कदापि करू नये. पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत पूर्ण वळण घेताना टक्-टक् असा आवाज येत असेल, तर तो एक्सलच्या सांध्याचा. ही दोन्ही कामे गिअरबॉक्स न उघडता होतात.

गिअरबॉक्सचे स्वतःचे दुखणे

क्लच निर्दोष ठरला, की मग गिअरबॉक्सकडे वळावे. त्याची ओळखही ‘कोणत्या गिअरमध्ये’ या प्रश्नातून पटते. क्लचचा दोष सर्व गिअरना भोवतो. एकाच गिअरला, उदाहरणार्थ केवळ दुसऱ्याला, खरखर होत असेल, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजलेली असते. फिरत्या दोन भागांचे वेग जुळवण्याचे काम ही पितळी रिंग करते. घाईने गिअर खाली आणण्याची सवय असलेल्या चालकाच्या गाडीत दुसऱ्या गिअरची रिंग लवकर जाते.

विशिष्ट गिअरमध्येच येणारा गुंजनाचा आवाज त्या गिअरच्या दातांकडे बोट दाखवतो. सर्व गिअरमध्ये येणारा आवाज बेअरिंगकडे किंवा कमी झालेल्या तेलाकडे. मागची चाके ढकलणाऱ्या पारंपरिक रचनेच्या गाड्यांत चौथा गिअर बहुधा थेट असतो. अशा गाडीत इतर गिअरमधला आवाज चौथ्यात नाहीसा होत असेल, तर खालच्या शाफ्टची बेअरिंगे तपासण्याची गरज असते.

गिअर आपोआप निसटून न्यूट्रलमध्ये येणे, हे सर्वांत गंभीर लक्षण मानावे. ते बहुतेकदा अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर किंवा खड्ड्यात गाडी आदळल्यावर घडते. सैल जोडणी, फाटलेले माउंटिंग, झिजलेला सिलेक्टर फोर्क किंवा गुळगुळीत झालेले दात, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. सपाट रस्त्यावर ही केवळ कटकट वाटते. घाट उतरताना मात्र दुसऱ्या गिअरने धरून ठेवलेली गाडी अचानक मोकळी सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. अशी गाडी दुरुस्तीआधी घाटात नेऊच नये. घसरत्या क्लचची गाडीही उतारावर इंजिनाचा पुरेसा आधार घेऊ शकत नाही, याचा अनेकांना विसर पडतो.

दांडा सैल वाटणे, कोणता गिअर कुठे आहे ते न समजणे, ही तक्रार पुष्कळदा गिअरबॉक्सच्या बाहेरची असते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झालेल्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सींमध्ये गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली असे आणि तो हव्या त्या जागी नेण्याचे कसब टॅक्सीचालकालाच साधे. दांडा आणि गिअरबॉक्स यांच्यामधले सांधे झिजले, की असे होते. आजच्या गाड्यांत तेथे केबल आणि प्लास्टिकचे किंवा रबराचे बुश असतात. बुश बदलून दांडा ताळ्यावर येत असेल, तर गिअरबॉक्स उघडण्याचे प्रयोजन नाही.

तेल काय सांगते?

गिअरबॉक्सचे तेल इंजिन ऑईलप्रमाणे वारंवार बदलावे लागत नाही. त्यामुळे ते विसरले जाते. थंडीच्या दिवसांत सकाळी पहिली काही मिनिटे गिअर जड पडणे आणि गाडी तापल्यावर सुरळीत होणे, यामागे बहुधा दाट झालेले किंवा चुकीच्या प्रतीचे तेल असते. तेल नेहमी गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रतीचेच असावे.

तेल काढल्यावर त्याचा रंग पाहावा. ते दुधाळ दिसले, तर आत पाणी गेले आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरात मुंबईतील असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या होत्या. पुरात बुडालेल्या गाडीच्या गिअरबॉक्समध्येही हवा खेळण्यासाठी ठेवलेल्या छिद्रातून पाणी शिरू शकते, म्हणून अशा गाडीचे इंजिन ऑईल बदलून थांबू नये. तळाच्या बोल्टला चुंबक असेल, तर त्यावर करड्या रंगाचा बारीक लेप जमणे नेहमीचे आहे. धातूचे कण बोटांना टोचत असतील किंवा तुकडे दिसत असतील, तर आतील दात अथवा बेअरिंग तुटू लागले आहे.

क्लचचे पेडल नसलेल्या गाड्या

२०१४ मध्ये मारुती सुझुकीने ‘सेलेरियो’ आणली आणि एएमटी हा प्रकार भारतातील मध्यमवर्गीय ग्राहकाच्या आवाक्यात आला. या गाडीत पेडल नसले, तरी क्लचप्लेट असते; ती दाबण्याचे काम पायाऐवजी संगणकाच्या आज्ञेवरून चालणारा अ‍ॅक्च्युएटर करतो. त्यामुळे प्लेट झिजणे, घसरणे, थरथरणे ही लक्षणे येथेही तीच राहतात. चढावर ब्रेक न लावता केवळ अ‍ॅक्सिलरेटरच्या जोरावर गाडी जागी धरून ठेवली, तर प्लेट करपते. या गाड्यांत बिघाड ओळखताना स्कॅनर लावून नोंदवलेले दोष वाचणे, हे पहिले पाऊल असावे. काही वेळा पकडीचा बिंदू संगणकाला नव्याने शिकवल्याने त्रास मिटतो.

दोन क्लच असलेल्या गाड्यांपैकी कोरड्या क्लचच्या गाड्या रेंगाळत्या वाहतुकीत तापतात आणि पडद्यावर तशी सूचना देतात. ती दिसल्यास गाडी बाजूला घेऊन थंड होऊ द्यावी.

टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिक गाडीत सगळा कारभार तेलाच्या दाबावर चालतो. ‘डी’ किंवा ‘आर’मध्ये दांडा नेल्यावर गाडी उशिरा पकड घेणे, गिअर बदलताना धक्का बसणे, फेरे उगाच वाढणे, ही तिची लक्षणे. तेल गडद झाले असेल आणि त्याला करपल्याचा वास येत असेल, तर आतील क्लच जळू लागले आहेत. सीव्हीटी गाड्यांना त्यांच्यासाठीच बनवलेले तेल लागते. दुसरे चालत नाही. विजेवरच्या बहुतेक मोटारींना क्लच नसतो आणि वेग बदलणारे गिअरही नसतात, केवळ फेरे कमी करणारी एक जोडी असते. तेथे आवाज आला, तर शोध बेअरिंगपासून सुरू करावा.

वाटेत बिघाड झाल्यास

क्लच घसरू लागला, तर खालच्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून, जवळच्या सुरक्षित जागेपर्यंतच जावे. करपल्याचा वास आला, की थांबून अर्धा तास गाडी थंड होऊ द्यावी. चढ समोर असेल, तर पुढे न जाणेच योग्य. थांबलेल्या गाडीचा हँडब्रेक ओढून चाकामागे दगड लावावा, कारण घसरत्या क्लचमुळे गिअरमध्ये ठेवलेली गाडीही सरकू शकते.

केबल तुटली, तर क्लच सुटतच नाही. अशा वेळी इंजिन बंद करून न्यूट्रल करावे आणि गाडी ढकलून रस्त्याच्या कडेला घ्यावी. ऑटोमॅटिक गाडी दोरी बांधून ओढत नेऊ नये. इंजिन बंद असताना गिअरबॉक्समध्ये तेल फिरत नाही आणि चाके मात्र आतले भाग फिरवत राहतात. शक्ती मिळणारी चाके उचलून किंवा गाडी पूर्णपणे ट्रकवर चढवूनच ती हलवावी.

गॅरेजमध्ये काय विचारावे?

गिअरबॉक्स उतरवण्यास होकार देण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. बाहेरची केबल, तेल, माउंटिंग आणि दांड्याची जोडणी तपासली का? मेकॅनिकने स्वतः गाडी चालवून पाहिली का? अंदाजपत्रक लेखी मिळेल का, आणि त्यात मजुरी व सुटे भाग वेगळे दाखवले आहेत का? बदललेले जुने भाग परत मिळतील का?

उतरवायचेच ठरले, तर केवळ प्लेट बदलून काटकसर करू नये. क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हा संच एकत्र बदलणे हिताचे, कारण तिन्ही सारखेच झिजलेले असतात आणि मजुरी एकदाच द्यावी लागते. फ्लायव्हीलचा पृष्ठभाग आणि दोन्ही ऑईल सील त्याच वेळी पाहून घ्यावीत. जुनी प्लेट हातात घेऊन पाहिली, तरी बरेच कळते. लायनिंग रिबिटांपर्यंत पोहोचले असेल, तर प्लेटचे आयुष्य संपले होते. लायनिंग जाड असूनही तेलकट असेल, तर खरा दोष सीलचा होता.

अनेक कंपन्यांच्या वॉरंटीत क्लचप्लेट झिजणाऱ्या भागांत गणली जाते, म्हणून वॉरंटीपत्रातील तो परिच्छेद आधी वाचावा. दुरुस्तीच्या सेवेत फसवणूक झाली, असे वाटल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते. लेखी अंदाजपत्रक, पावती आणि जुने भाग हाती असतील, तर बाजू भक्कम राहते.

पायाची सवय

एकाच प्रकारच्या दोन गाड्यांपैकी एकीचा क्लच लाखभर किलोमीटर चालतो आणि दुसरीचा त्याच्या तिसऱ्या हिश्श्यातच संपतो. यामागे बहुतेक वेळा यंत्र नसते, चालकाचा डावा पाय असतो. पेडलावर पाय टेकवून गाडी चालवणे, वाहतूक कोंडीत ‘हाफ क्लच’वर इंच इंच सरकणे, उड्डाणपुलाच्या चढावर हँडब्रेकऐवजी क्लचने गाडी धरून ठेवणे, या सवयींनी प्लेट सतत घासत राहते. सिग्नलला मिनिटभर पेडल दाबून ठेवले, तर प्लेट वाचते पण रिलीज बेअरिंग झिजते. न्यूट्रल करून पाय काढणे, हाच योग्य मार्ग. गिअरच्या दांड्यावर हात टेकवून ठेवण्याची सवयही सोडावी, कारण त्या भाराने आतील सिलेक्टर फोर्क घासला जातो.

घरात एकच गाडी दोघे-तिघे चालवत असतील, तर प्रत्येकाला विचारून पाहावे, की त्रास कोणाला आणि केव्हा जाणवतो. रोज चालवणाऱ्याला हळूहळू होणारा बदल कळत नाही. महिन्यातून एकदा गाडी हाती घेणाऱ्याला तो पहिल्या चौकातच कळतो. ती तक्रार तारखेसह आणि किलोमीटरच्या आकड्यासह लिहून गॅरेजमध्ये न्यावी. ‘गिअर खराब आहेत’ या एका वाक्यावर गिअरबॉक्स खाली येतो. ‘इंजिन सुरू असतानाच रिव्हर्स अडतो, दोनदा पेडल मारल्यावर पडतो’ असे सांगितले, तर मेकॅनिक आधी बॉनेट उघडून तेलाचा पेला पाहतो.